पंख्याचा आवाज : दिवाणखान्यातील छोट्या गेमिंग संगणकाची कुळकथा (थ्रेड)

१/ मे महिन्यातील कराडची दुपार. दिवाणखान्यात, जुन्या घरांच्या बोलीत सोप्यात, टीव्हीशेजारी वीतभर लांब-रुंद अशी एक काळी पेटी ठेवलेली असते. मुले खेळ सुरू करतात आणि दहा मिनिटांत ती पेटी घोंघावू लागते. त्यावर मात करण्यासाठी टीव्हीचा आवाज वाढवला जातो. मग आतल्या खोलीतून वडीलधाऱ्यांची तक्रार येते आणि अखेर कोणीतरी निकाल देते, ‘हा आता जुना झाला, नवा घ्यायला हवा.’
हा आवाज नेमका कशाचा? तो कमी करायचा तर वेग गमवावा लागतो का? आणि पेटी खरोखरच टाकून देण्याजोगी झालेली असते का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे गेल्या साठ-पासष्ट वर्षांच्या इतिहासात सापडतात.

२/ आधी एक साधे तत्त्व. संगणक जेवढी वीज घेतो, तेवढीच उष्णता शेवटी बाहेर टाकतो. शेगडी, इस्त्री आणि संगणक यांत या बाबतीत काडीचा फरक नाही. शंभर वॅट वीज घेणारी पेटी म्हणजे खोलीत अखंड पेटलेला शंभर वॅटचा जुना दिवा.
गणन स्वतः निःशब्द असते. आवाज होतो तो त्या उष्णतेला बाहेर हाकलताना. त्यामुळे संगणकाच्या वेगाचा इतिहास हा बऱ्याच अंशी उष्णता वाहून नेण्याचा इतिहास आहे, आणि पंख्याचा घोंघाट हा त्या कामाचा हिशेब आहे.

३/ महाराष्ट्रात या कथेचा आरंभ मुंबईत होतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये एक पूर्ण आकाराचा इलेक्ट्रॉनिक संगणक कार्यान्वित झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. जुन्या रेडिओच्या मागे तांबूस उजळणाऱ्या काचेच्या नळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या यंत्राच्या उष्णतेची कल्पना येईल. प्रत्येक नळीच्या पोटात एक तापलेली तार असे आणि ती तापल्याशिवाय नळी कामच करत नसे. म्हणजे या यंत्रात उष्णता हा कामाचा केवळ परिणाम नव्हता, ती कामाची अटच होती.

४/ त्याच १९६० मध्ये १ मे रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. ज्यांचे सार्वजनिक जीवन कराडशी बांधलेले होते ते यशवंतराव चव्हाण पहिले मुख्यमंत्री झाले आणि कराडमध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. टिफ्रॅकचे नामकरण झाले त्या १९६२ मध्ये कोयना प्रकल्पाची वीज वाहू लागली. अडवलेल्या पाण्याचा मोठा वाटा सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेकडे वळवायचा आणि पोफळीच्या भूमिगत वीजगृहात त्यावर वीज निर्माण करायची, अशी ही योजना.
ज्या दोन गोष्टींवाचून दिवाणखान्यातील ती पेटी अशक्य, त्या वीज आणि संगणक राज्यात अशा जवळजवळ हातात हात घालून आल्या. त्यांची एकाच घरात गाठ पडायला मात्र आणखी तीन दशके जावी लागली.

५/ दरम्यान अमेरिकेत वेगाची शर्यत सुरू होती. १९७६ मध्ये सीमोर क्रे यांचा ‘क्रे-१’ आला. इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचा एक मनोरा आणि त्याभोवती गादीची बैठक, असे त्याचे रूप. दिवाणखान्यातील कोचासारखी दिसणारी ती बैठक म्हणजे वीजपुरवठ्याची यंत्रणा झाकण्याची युक्ती होती. यंत्र सुमारे ११५ किलोवॅट वीज घेई आणि फ्रीजमध्ये वापरतात तशा फ्रिऑनने ते थंड ठेवले जाई.
त्याचा कमाल वेग होता सेकंदाला सुमारे १६ कोटी गणिती क्रिया. आज टीव्हीखाली मावणारी दहा वर्षे जुनी पेटीदेखील कागदोपत्री त्याच्या शेकडो पट वेगवान असते, तीही क्रेच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास वीज घेऊन.

६/ अमेरिकेने भारताला अत्याधुनिक महासंगणक देण्यास नकार दिल्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध झाला. एकच महाशक्तिमान प्रोसेसर घडवण्याऐवजी ट्रान्सप्युटर नावाच्या अनेक लहान चिपांना एकाच वेळी कामाला जुंपायचे, हा त्याचा मार्ग होता.
यामागे उष्णता वाचवण्याचा हेतू नव्हता. मिळण्याजोग्या भागांतून वेग साधायचा होता. परंतु एका घोड्याला चाबूक मारत राहण्यापेक्षा चार बैल एका औताला जुंपावेत, हा विचार पुढे घरगुती संगणकालाही स्वीकारावा लागला. त्याकडे पुढे येऊच.

७/ घरातील खेळांची पेटी मात्र जन्मतः मौनी होती. १९८३ मध्ये जपानमध्ये निन्टेंडोचा ‘फॅमिकॉम’ आला. नव्वदच्या दशकात त्याच्या नकला भारतातील लहान शहरांपर्यंत पोहोचल्या. चौकोनी कॅसेट खोचायची, टीव्हीचा चॅनेल जुळवायचा, की खेळ सुरू. सुट्टीच्या दिवसांत तासावर भाड्याने मिळणारे हे ‘व्हिडिओ गेम’ एका पिढीच्या आठवणीत आहेत.
त्या पेटीला पंखा नव्हता, कारण त्याची गरजच नव्हती. तिची उष्णता प्लॅस्टिकच्या कवचातून आपोआप निघून जाई. १९९४ च्या सोनी प्लेस्टेशनलाही पंखा नव्हता. तो आला २००० च्या प्लेस्टेशन २ मध्ये. दिवाणखान्यातील शांतता भंगली ती साधारण याच काळात.

८/ संगणकात पंखा याहून आधी शिरला होता. १९९३ मध्ये इंटेलने पेंटियम बाजारात आणला. या प्रकल्पाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. ६६ मेगाहर्ट्‌झचा पहिला पेंटियम ५ व्होल्टवर चाले आणि कमाल सुमारे १६ वॅट वीज घेई. आज हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण आधीच्या पिढीतील अनेक चिपा उघड्यावरच चालत किंवा धातूच्या साध्या पट्ट्यांवर भागवत. पेंटियमच्या डोक्यावर पट्ट्यांबरोबर पंखाही बसू लागला आणि ‘संगणक चालू आहे’ याची खूण म्हणजे त्याची घरघर, असे समीकरण रूढ झाले.

९/ पुढची दहा वर्षे वेग म्हणजे मेगाहर्ट्‌झ, एवढाच हिशेब होता. त्यामागे एक शास्त्रीय आधार होता. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये सहकाऱ्यांसह दाखवले होते की, ट्रान्झिस्टर लहान करत गेले की त्यांना लागणारे व्होल्टेजही कमी होते. त्यामुळे तेवढ्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर अधिक वेगाने चालवले तरी उष्णता वाढत नाही.
हे सूत्र तीस वर्षे पाळले गेले आणि मग मोडले. ट्रान्झिस्टर इतके सूक्ष्म झाले की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली, आणि व्होल्टेज आणखी उतरवणे अवघड झाले. २००४ मधील ‘प्रेस्कॉट’ जातीच्या पेंटियम ४ ची उष्णता शंभर वॅटच्या पलीकडे गेली. त्याच वर्षी मे महिन्यात इंटेलने त्याचा नियोजित वारसदार ‘तेजस’ रद्द केला. शर्यत वेगाने नव्हे, तापाने थांबवली.

१०/ २००६ मध्ये आलेल्या कोअर २ डुओने दिशा बदलली. मेगाहर्ट्‌झचा आकडा कमी, पण एका चिपेत दोन गाभे आणि प्रत्येक ठोक्याला अधिक काम. त्याच्या नेहमीच्या आवृत्त्यांची उष्णतेची मर्यादा ६५ वॅट होती आणि काम मात्र पेंटियम ४ हून कितीतरी जलद होई.
घरगुती संगणकाच्या इतिहासातील ही मोठी कलाटणी. ‘वेगवान म्हणजे गोंगाट करणारा’ ही समजूत येथे खोटी ठरली. उष्णता कमी निर्माण करणारे यंत्र एकाच वेळी जलदही असू शकते आणि शांतही. यानंतरच्या प्रत्येक सुधारणेचे बीज याच वाक्यात आहे.

११/ पेटी लहान करण्याचे प्रयत्न समांतर सुरू होते. २००० मध्ये ॲपलने ‘जी४ क्यूब’ आणला. सुमारे आठ इंचांचा घन, आणि पंखा नाहीच. गरम हवा हलकी होऊन वर चढते या न्यायाने मधल्या पोकळीतून ती आपोआप बाहेर पडे. कौतुक उदंड झाले, पण किंमत जास्त आणि ग्राहक कमी. वर्षभरात उत्पादन थांबले.
२००१ मध्ये तैवानच्या व्हिया कंपनीने १७ सेंटिमीटर लांब-रुंद असा ‘मिनी-आयटीएक्स’ मदरबोर्डाचा आकार मांडला. आज छोटा संगणक स्वतः जुळवणारे बहुतेक जण हाच आकार निवडतात, कारण त्यावरचा प्रत्येक भाग वेगळा काढता-बसवता येतो.

१२/ छोट्या पेटीला खरा आधार दिला तो हीट पाइपने. अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये ही नळी घडवली. पुढे ती अवकाशयानांत वापरली गेली.
बंद तांब्याची नळी, आत थोडेसे पाणी, आतून जाळीदार अस्तर. तापलेल्या टोकाला पाण्याची वाफ होते, ती थंड टोकाकडे धावते, तेथे पुन्हा पाणी होऊन उष्णता सोडते आणि अस्तरातून झिरपत परत येते. भाताच्या पातेल्यावरील झाकणाला आतून जे थेंब सुटतात, तीच ही क्रिया. पंप नाही, आवाज नाही. चिप एका कोपऱ्यात आणि पंखा दुसऱ्या कोपऱ्यात ठेवणे यामुळे शक्य झाले. लॅपटॉप आणि टीव्हीखालची पेटी यांचे पोट याच नळीवर भरते.

१३/ उष्णतेकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, याचे सर्वांत महाग उदाहरण दिवाणखान्यातच घडले. २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० आला. काही काळात असंख्य पेट्यांच्या दर्शनी भागावर तीन लाल दिवे लागू लागले आणि त्या बंद पडू लागल्या. चिप सतत तापणे आणि निवणे, या चक्राने तिचे सूक्ष्म जोड तडकत होते. जुलै २००७ मध्ये कंपनीने अशा बिघाडासाठी हमीचा काळ तीन वर्षांपर्यंत वाढवला आणि त्यापायी एक अब्ज डॉलरहून अधिक खर्च मांडला.
धडा स्पष्ट होता. यंत्राला कमाल तापमानाइतकेच वारंवार होणारे चढ-उतारही मारतात. म्हणून शांत पेटी ही बहुधा दीर्घायुषीही असते.

१४/ आता मूळ पेटीकडे. संगणकावरील खेळ विकणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०१३ मध्ये जाहीर केले की, संगणक टीव्हीसमोर यायला हवा. नोव्हेंबर २०१५ मध्ये विविध कंपन्यांच्या ‘स्टीम मशीन’ पेट्या बाजारात आल्या. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध पेटीचे विंडोजवर चालणारे भावंड, ‘एलियनवेअर अल्फा’, २०१४ मध्येच आले होते. लांबी-रुंदी २० सेंटिमीटर, उंची साडेपाच सेंटिमीटर. मूळ आवृत्तीत दोन गाभ्यांचा आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क.
स्टीम मशीन चालले नाही. तिच्या लिनक्स-आधारित प्रणालीवर खेळच थोडे होते. पण या पेटीची एक गोष्ट टिकली. तळाचे स्क्रू काढले की रॅम, डिस्क, वायफाय कार्ड आणि प्रोसेसरसुद्धा बदलता येई. पक्की जडवलेली होती ती ग्राफिक्स चिप.

१५/ अशा जुन्या पेटीची पहिली सुधारणा म्हणजे हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणे. हार्ड डिस्क ही १९५६ मधील आयबीएमच्या यंत्राची वंशज. फिरती तबकडी आणि तिच्यावरून सरकणारी सुई. मिनिटाला ५,४०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीला एक फेरी पूर्ण करायला ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती सुईखाली येईपर्यंत प्रोसेसर हात बांधून बसतो.
जपानमधील तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी ऐंशीच्या दशकात फ्लॅश स्मृती शोधली. तीवर आधारलेल्या एसएसडीत फिरणारे काहीच नाही. माहिती मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास हाती येते. तबकडीची घरघर आणि सुईची टकटक कायमची थांबते. एक मात्र ध्यानात ठेवावे. यामुळे खेळ लवकर उघडतो आणि मधले अडखळणे कमी होते, पण चित्रांची गती फारशी वाढत नाही. ते काम ग्राफिक्स चिपेचे.

१६/ दुसरी सुधारणा रॅमची. ४ जीबी आज अपुरी आहे. रॅम संपली की संगणक डिस्कचा आधार घेतो आणि खेळ मध्येच गचकतो. ८ किंवा १६ जीबी करताना एका मोठ्या पट्टीऐवजी सारख्या दोन पट्ट्या बसवाव्यात. प्रोसेसरला स्मृतीकडे जाणारे दोन रस्ते असतात आणि एकच पट्टी असेल तर एक रस्ता रिकामा राहतो. ज्या पेट्यांत ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच सामावलेले असते, तेथे हा फरक सर्वांत ठळक दिसतो, कारण ते ग्राफिक्स याच रॅमवर जगते.

१७/ तिसरी सुधारणा प्रोसेसरची, आणि फसगतही येथेच होते. त्याच पिढीतील सर्वांत मोठा प्रोसेसर मिळवून बसवण्याचा मोह होतो. मूळ प्रोसेसर ३५ वॅटचा आणि त्या जागी ८८ वॅटचा आला, तर तेवढीच नळी आणि तेवढाच पंखा त्याला पुरत नाही. तो तापतो, स्वतःचा वेग स्वतःच उतरवतो आणि पंखा मात्र पूर्ण जोराने ओरडत राहतो. पैसा गेला, आवाज वाढला, वेग तेथेच.
इंटेलच्या नावांत शेवटी ‘टी’ अक्षर असलेले प्रोसेसर कमी विजेचे असतात. दोन गाभ्यांच्या जागी चार गाभे, पण उष्णता ३५ ते ४५ वॅटमध्येच. येथे परमचा जुना न्याय पुन्हा भेटतो. एकावर भार टाकण्यापेक्षा काम वाटून द्यावे.

१८/ चौथ्या सुधारणेला एक रुपयाही लागत नाही. चिपेची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज दहा टक्के उतरले तर त्या भागाची उष्णता सुमारे एकोणीस टक्के उतरते. अनेक चिपांना कारखान्यात थोडे सढळ व्होल्टेज दिलेले असते. जेथे सोय असेल तेथे ते जपून, थोडे थोडे उतरवता येते.
दुसरी युक्ती याहून सोपी. सामान्य टीव्ही सेकंदाला ६० चित्रे दाखवतो. पेटी शंभर चित्रे तयार करत असेल, तर वरची चाळीस कोणालाच पूर्ण दिसत नाहीत, त्यांची फक्त उष्णता होते. खेळाच्या मांडणीत ६० ची मर्यादा घातली की पंख्याचा सूर तत्काळ खाली येतो.

१९/ आता खुद्द पंखा. छताचा मोठा पंखा संथ फिरूनही खोलीभर वारा देतो. हातभर टेबलफॅन तेवढ्यासाठी किंचाळतो. त्याचे गणित ठरलेले आहे. सारख्याच घडणीच्या पंख्याचा व्यास दुप्पट केला, तर तेवढीच हवा हलवायला त्याला आठव्या भागाचा वेग पुरतो. त्याच पंख्याचा वेग निम्मा केला, तर आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो.
म्हणूनच पेटी जितकी चपटी, तितका पंखा लहान आणि तितका आवाज तीक्ष्ण. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॉल्व्हने नव्या स्टीम मशीनची घोषणा केली, तेव्हा तिचा आकार सुमारे सोळा सेंटिमीटरचा घन होता. आतील मोठा भाग उष्णता शोषणाऱ्या पट्ट्यांनी आणि एका मोठ्या पंख्याने व्यापलेला. पहिल्या पेट्यांनी उंची वाचवली होती, नव्या पेटीने ती शांततेसाठी परत केली.

२०/ पेटी कोठे ठेवली आहे, यावर निम्मा खेळ अवलंबून असतो. कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि मग एकत्र पूर्वेकडे वळतात. पाण्याला पुढे वाट आहे, म्हणूनच ती समोरासमोरची भेट शोभते. वाट नसती तर तेथे नुसता फुगवटा झाला असता.
टीव्हीच्या बंद कपाटात कोंबलेल्या पेटीचे हेच होते. बाहेर टाकलेली गरम हवा भिंतीवर आपटून परत आत ओढली जाते. हवेला येण्याची एक बाजू आणि जाण्याची दुसरी बाजू हवी. मागे चार बोटे मोकळी जागा आणि कपाटाला पाठीमागून एक भोक, एवढ्यानेही तापमान उतरते.

२१/ स्थानिक हवामान हा हिशेबातील विसरला जाणारा आकडा. पंखा हवेला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. २० अंशांच्या खोलीत ७० अंशांवर राहणारी चिप, मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत त्याच पंख्याने ८८ अंशांकडे जाते. थंड देशांत तपासलेले आकडे कृष्णाकाठी जसेच्या तसे लागू पडत नाहीत.
दुसरी बाब धुळीची. गळीत हंगामात सह्याद्री आणि कृष्णा कारखान्यांच्या परिसरात उसाचे फड उभे-आडवे मोकळे होतात, पाचट पेटवले जाते आणि काळी काजळी अंगणात, गच्चीवर, खिडक्यांतून घरात येते. हीच काजळी पट्ट्यांच्या बारीक फटींत बसून गोधडीचे काम करते. पेटी ‘जुनी’ झाल्याचा निकाल पुष्कळदा या गोधडीमुळे लागलेला असतो.

२२/ त्यावर उपाय परंपरेतच आहे. खंडेनवमीला हत्यारे, यंत्रे, अवजारे पुसून त्यांची पूजा होते. गळीत हंगामाच्या तोंडावरची ती सफाई आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पाडव्याची दुसरी, एवढा नेम पुरेसा आहे. वीज बंद करून, पिन काढून, पेटी उघडावी. पंख्याची पाती बोटाने धरून मगच हवा मारावी, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बिघडतो.
चिप आणि धातू यांच्यामध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर असतो. काही वर्षांत तो वाळतो आणि उष्णतेची वाट अडते. जुना थर पुसून नवा लावणे हे थोड्या पैशांचे आणि अर्ध्या तासाचे काम. अनेक जुन्या पेट्यांत एवढ्यानेच पंखा खालच्या सुरावर येतो.

२३/ कमी वॅटचा आणखी एक लाभ महाराष्ट्राला वेगळा सांगायला नको. २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्याने भारनियमनाचे कडक दिवस पाहिले. ज्या कोयनेच्या परिसरात वीज तयार होते, त्या पंचक्रोशीतही घराघरांत इन्व्हर्टर आले. शंभर वॅटऐवजी साठ वॅटवर चालणारी पेटी त्याच बॅटरीवर दीडपटीहून अधिक काळ टिकते. मूळ प्रश्न पंख्याच्या आवाजाचा होता, पण उत्तर बॅटरीपर्यंत आणि वीजबिलापर्यंत पोहोचते, कारण सगळ्यांच्या मुळाशी उष्णता एकच आहे.

२४/ शेवटी एका गोष्टीची नोंद आवश्यक. वरच्या जवळजवळ सर्व सुधारणा शक्य झाल्या, कारण ती पेटी उघडता येत होती. मधल्या काळात लहान संगणकांत रॅम आणि प्रोसेसर बोर्डावर पक्के जोडण्याची रीत वाढली. अशा पेटीत पेस्ट बदलता येते, धूळ काढता येते, पण तिचे वय वाढवण्याचे इतर मार्ग बंद होतात. एक चिप मागे पडली की सगळी पेटी भंगारात.
केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकारासाठी समिती नेमली. ई-कचऱ्याचे नवे नियम एप्रिल २०२३ पासून लागू झाले. कायद्याची ही भाषा दिवाणखान्यात एका साध्या प्रश्नावर येऊन थांबते. पेटी विकत घेताना तळाचे स्क्रू दिसतात का, आणि ते काढल्यावर आत काय काय सुटे आहे?

२५/ तेव्हा क्रम असा. आधी धूळ आणि जागा, मग थर्मल पेस्ट, मग ६० ची मर्यादा, मग एसएसडी, मग रॅमच्या दोन पट्ट्या, आणि सर्वांत शेवटी, पेटीला झेपेल तेवढाच प्रोसेसर. पहिल्या तिन्हींना मिळून एका सिनेमाच्या तिकिटांइतकाही खर्च येत नाही.
कुलाब्याच्या २,७०० तापलेल्या नळ्यांपासून कराडच्या सोप्यातील वीतभर पेटीपर्यंत सगळा प्रवास हाच सांगतो की, यंत्राला जास्त जोर लावून जे साधत नाही, ते त्याचा ताप कमी करून साधते. आवाज उतरल्यावर टीव्हीचाही आवाज उतरतो, आतल्या खोलीतील तक्रार थांबते, आणि टाकून द्यायला निघालेली पेटी आणखी काही उन्हाळे काढते.

(थ्रेड समाप्त)